पोलिसाने मनाच्या आजारावर उपचार घ्यायचे तर ऑफिसला न कळता कुठे जावं? (नागपूर)

टाकळी_लाईन

नमस्कार मंडळी. आजवर फक्त वाचत होते, पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझे मिस्टर नागपूर शहरात पोलीस हवालदार आहेत. ठाणं सांगत नाही, कृपया विचारूही नका. गेल्या पावसाळ्यात एका लहान मुलाचा मर्ग (अकस्मात मृत्यूचा तपास) त्यांच्याकडे आला. पंचनाम्यापासून पोस्टमॉर्टेमपर्यंत आणि शेवटी बॉडी आईबापाच्या ताब्यात देईपर्यंत सगळं त्यांनीच केलं. अशी कामं याआधीही केलीत, पण यावेळी झोप गेली ती गेलीच. रात्री दचकून उठतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. आमचा मुलगा त्याच वयाचा आहे. त्याला जवळ घ्यायचं टाळतात, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. झोप यावी म्हणून पिणं सुरू झालं आहे. आधी कधीतरी असायचं, आता ड्युटी सुटली की असतंच.

डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर: "सिकमध्ये (आजारपणाच्या रजेवर) गेलो की कागदावर आजाराचं नाव येईल. ते नाव या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल. मग लाईनीत, म्हणजे ठाणं सुटून मुख्यालयात." बढतीचा नंबर जवळ आलाय, त्याचीही धास्ती आहे.

ऑफिसला न कळता उपचार होऊ शकतात का? कळलंच तर नोकरीवर गदा येते का? आणि माणूस यायलाच तयार नसेल तर बायकोने सुरुवात कुठून करायची?

वैनगंगा

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचून गप्प बसवलं नाही म्हणून ही एक ओळ. जाणकार लिहितीलच.

कॉटन_मार्केट

मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन जा. सरकारी आहे, औषधंही तिथेच मिळतात. एवढा विचार कशाला?

पोलिसाचा_पोरगा

@कॉटन_मार्केट, भाऊ, काय सांगून राहिले तुम्ही! कोर्टाच्या आदेशाने कोणाला तिथे दाखल करायचं असलं की सोबत पोलीस पार्टीच असते. रस्त्यावर भरकटलेला माणूस सापडला तरी त्याला घेऊन जाणारे पोलीसच. हवालदार तिथे नंबर लावून बसला की ओळखीचा कोणीतरी भेटणारच, आणि तो विचारणार, "काय भाऊ, कोणाला आणलं?" काय सांगायचं त्याला? मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांतही तेच, दोन्हीकडे पोलीस चौकी आहे. पोलिसाला सरकारी दवाखाना म्हणजे अर्धं ऑफिसच.

दवाखाना वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिथे बसणं या माणसाला का जड जातं, तेवढंच सांगतोय.

मनाचा_डॉक्टर

ताई, मी मानसोपचार तज्ज्ञ आहे. शिक्षण नागपुरातलं, काम विदर्भातच. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यात मला ओळखीचं बरंच दिसतं. दचकणं, झोप मोडणं, त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टीपासून लांब राहणं. मुलाला जवळ न घेण्यामागे प्रेम आटलंय असं कृपया समजू नका. त्याच्याकडे पाहिलं की त्यांना ते दुसरं मूल दिसत असण्याची शक्यता जास्त आहे. मोठ्या धक्क्यानंतर असं काही दिवस होणं स्वाभाविक असतं. महिना उलटूनही सुटत नसेल तर उपचार घ्यायला हवेत, आणि यावर चांगले उपचार आहेत. त्या प्रसंगाशी थेट काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती आहे, गोळ्याही आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. मी पोलीस पेशंट बरेच पाहिलेत. ओपीडीत आलेल्या माणसाच्या ऑफिसला डॉक्टर कधीही कळवत नाही, कळवायचं कारणच नसतं. ऑफिसला ते तीन वाटांनी कळतं: आजारपणाची रजा टाकली तर, बिलाची प्रतिपूर्ती मागितली तर, किंवा कशासाठी सर्टिफिकेट लागलं तर. म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेलात, फी आणि औषधं खिशातून भरलीत, तर फाईल माझ्या कपाटात आणि चिठ्ठी तुमच्या पर्समध्ये. खिशातून भरावं लागणं अन्यायाचंच आहे, तो विषय वेगळा. पण पहिलं पाऊल अडू नये.

दारूबद्दल. झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते आणि स्वप्नं वाढतात. रोजची सवय झाली असेल तर एकदम बंद करायला लावू नका, थरथर, घाम, कधी फिटही येऊ शकते. डॉक्टरला प्रमाण खरं सांगा.

अजून एक, आणि हे कठीण आहे. त्यांना सरळ विचारा: "जगणं नको असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेव्हा ऑफिसला कळेल की नाही हा हिशोब करायचा नाही.

रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर १४४१६, टेली-मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. कोणत्या खात्यात आहात हे सांगायची गरज पडत नाही. तुम्ही स्वतःही करू शकता. आणि पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या आलात तरी चालतं. घरच्यांनी आधी येऊन बोलावं, पेशंट नंतर यावा, हे आमच्याकडे नेहमीचं आहे.

रामदासपेठ_रहिवासी

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून खाजगीत जायचं तर धंतोलीत मात्र नका जाऊ. तिथे प्रत्येक वेटिंग रूममध्ये कोणाची ना कोणाची मावशी बसलेली असते. डॉक्टर मिळतो, पार्किंग मिळत नाही आणि गाडी लावेपर्यंत चार जणांना "काय, बरं आहे ना?" झालेलं असतं.

कॉटन_मार्केट

पार्किंगवर वेगळा धागा काढा, शंभर प्रतिसाद नक्की.

खाकीतली

मी स्वतः नोकरीत आहे, त्यामुळे जपूनच लिहिते.

ओळखीच्या भीतीवर आमच्यातल्या काही जणी सेवाग्रामला जातात. कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सावंगीलाही आहे. सकाळच्या गाडीने वर्ध्याला जायचं, संध्याकाळी परत. पोलीस लाईनीत (वसाहतीत) कोणी विचारलं तर "बापूकुटी बघायला गेलो होतो" असं सांगता येतं, आणि सेवाग्रामला जाऊन बापूकुटी बघतोच माणूस, म्हणजे खोटंही होत नाही. मिहानमधल्या एम्सची ओपीडीही आहे, ऑनलाईन नोंदणी करून जाता येतं.

बाळंतपणानंतर मला रडू थांबायचं नाही. बाळ सहा महिन्यांचं होतं, मी कामावर हजर झाले होते आणि बंदोबस्तात उभी असताना डोळ्यांतून पाणी वाहायचं. वरिष्ठांना वाटलं घरी भांडण झालंय. आमच्या इथे भांडण हे कारण चालतं, डोकं दुखणं चालतं, पाठ तर कधीही चालते. मी पाठीच्या नावावर रजा काढली आणि त्या रजेत मनाचे उपचार घेतले. आजही कागदावर माझी पाठच दुखते आहे.

एका गोष्टीचा मला फार उपयोग झाला. २०२१ मध्ये नागपुरात महिला अंमलदारांना आठ तासांची ड्युटी सुरू झाली, नंतर ती राज्यभर आणली गेली. बंदोबस्त लागला की तास वाढतातच. पण ज्या दिवशी आठ तासांत सुटायचे त्या दिवशी मी गोळी वेळेवर घ्यायचे, बाळासोबत झोपायचे. अर्धा उपचार मला त्या वेळापत्रकानेच केला असं मला वाटतं. पुरुष सहकाऱ्यांना हे मिळालं नाही, ते बारा-बारा तास करतात. ताई, तुमच्या मिस्टरांच्या झोपेचा प्रश्न मनाचा आहे तितकाच हजेरीपत्रकाचाही आहे.

फुटाळा_संध्याकाळ

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं बोलतो. पोलिसाच्या मनाची काळजी करतो आपण, पण ठाण्यात गेलेल्या सामान्य माणसाच्या मनाचं काय? माझ्या काकांना चोरीची तक्रार द्यायला गेल्यावर जी भाषा ऐकावी लागली, त्यानंतर ते महिनाभर नीट जेवले नाहीत. ताण सगळ्यांनाच आहे. शिक्षकाला आहे, एसटीच्या ड्रायव्हरला आहे. वर्दीवाल्यांसाठी वेगळी सहानुभूती का?

पोलिसाचा_पोरगा

@फुटाळा_संध्याकाळ, तुमच्या काकांशी जे झालं ते चूकच. त्याची बाजू मी घेणार नाही.

पण माझं बालपण ऐका. बाबा रात्रपाळी करून यायचे, आम्हाला आई तोंडावर बोट ठेवून वागवायची. ताट एकदा भिंतीवर गेलं ते भाजीत मीठ कमी म्हणून. तोच माणूस ठाण्यात दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकत होता. न झोपलेला, न बोललेला माणूस काउंटरवर बसवला की तुमच्या काकांसारख्या माणसावरच तो फुटणार, आणि घरी आमच्यावर. त्याच्यावर उपचार झाले असते तर दोघंही वाचलो असतो.

आकडेमोड

इथे एक अहवाल जोडावासा वाटतो. 'स्टेटस ऑफ पोलिसिंग इन इंडिया'चा २०१९ चा अहवाल, लोकनीती-सीएसडीएस आणि कॉमन कॉज यांचा. देशभरातल्या पोलिसांशी बोलून केलेला. त्यात पोलिसाचे कामाचे तास सरासरी दिवसाला १४ निघाले, सुमारे ८० टक्के जण आठ तासांपेक्षा जास्त काम करतात, आणि चारपैकी तीन जणांनी सांगितलं की या भाराचा शरीरावर आणि मनावर परिणाम होतो. म्हणजे शिक्षक किंवा ड्रायव्हरपेक्षा यांचं दुःख मोठं असं नाही, पण यातून सुटायची वाट यांना अरुंद आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ नुसार पोलीस कायम कर्तव्यावर समजला जातो. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने संघटनेवरही निर्बंध आहेत. एसटी कर्मचारी संप करू शकतात, शिक्षकांचे मोर्चे अधिवेशनावर येतात. त्या मोर्च्यासमोर उभं राहणाऱ्याचा मोर्चा कधी निघत नाही.

संपादक_मंडळ

धागाकर्तीची किंवा कोणत्याही कर्मचाऱ्याची ओळख पटेल असा तपशील लिहू नये. दोन प्रतिसादांतली ठाण्याची नावं काढली आहेत.

कायदा_वाचक

हायकोर्टात वकिली करतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, मे २०१८ पासून लागू आहे. कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागितलं तर. साहेबांनी फोन करून विचारणं त्यात बसत नाही. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आजही मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

नोकरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा निकाल पाहा, रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार. न्या. चंद्रचूड यांचं खंडपीठ होतं. प्रकरण सीआरपीएफच्या अधिकाऱ्याचं. त्याला मानसिक आजार होता आणि त्याच्यावर विभागीय चौकशी लावली होती. न्यायालयाने म्हटलं की मानसिक आजारामुळे अशा कारवाईत सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून ती चौकशी अप्रत्यक्ष भेदभाव ठरते. ती रद्द केली. मूळ पद झेपत नसेल तर दुसरं काम द्या, पण पगार आणि सेवाशर्ती तशाच ठेवा, असं सांगितलं. आणि नवं काम देताना शस्त्र हाताळावं लागणार नाही अशी काळजी घेण्याची मुभा प्रशासनाला दिली. ताई, हा निकाल मिस्टरांना वाचून दाखवा. वर्दीतल्या माणसाबद्दलच आहे तो.

निवृत्त_पीआय

वकील साहेब, निकाल उत्तम आहे. पण शिपाई ओआरमध्ये, म्हणजे पेशीला, साहेबांसमोर टाचा जुळवून उभा असतो तेव्हा त्याच्या तोंडून कलम २३ निघत नाही. त्याला दिसतो तो गोपनीय अहवाल. पन्नाशी-पंचावन्नला सेवेचं पुनर्विलोकन होतं, त्यात प्रकृती बघतात, हेही प्रत्येक हवालदाराला पाठ असतं.

शस्त्राचा विषय निघालाच आहे तर त्यावर मला सविस्तर लिहायचंय. पोलिसाला डॉक्टरकडे जायला सगळ्यात जास्त कोण अडवत असेल तर ते शस्त्रागाराचं रजिस्टर. लोकांना वाटतं पिस्तूल काढून घेतलं तर काय बिघडलं, ओझं कमी झालं. आत तसं नसतं. एखाद्याला गार्ड ड्युटीवरून अचानक काढलं, रायफल जमा करायला लावली, की संध्याकाळच्या गणनेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. कोणी काही बोलत नाही, फक्त त्याच्यासोबत नाईट राऊंडला जायला कोणी तयार होत नाही. एवढ्या एका गोष्टीपायी माणसं वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आहेत त्याच्या हातात शस्त्र ठेवणं म्हणजे त्याला मरणाच्या जवळ उभं करणं. इथे दयामाया दाखवून चालत नाही. काही काळ शस्त्र दूर ठेवलं की ती वाईट वेळ निघून जाते आणि माणूस वाचतो.

मग करायचं काय? शस्त्र दूर करा, पण तमाशा करू नका. ठाण्यात बिनशस्त्राची कामं भरपूर असतात. समन्स-वॉरंट, पासपोर्ट पडताळणी, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींचं संगणकावरचं काम), वायरलेस, मुद्देमाल. ठाणेदाराने मनात आणलं तर साप्ताहिक वाटपात नावं फिरवताना त्याचंही नाव फिरतं, कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे एक जण होता, त्याच्या पत्नीनेच येऊन सांगितलं. त्याला समन्सला टाकलं, आणि "तुझ्या अक्षराची गरज आहे" एवढंच म्हणालो. त्याचं अक्षर होतंही चांगलं. उपचार चालू असताना तो रोज कामावर आला, रजा एकही नाही. बरा झाल्यावर परत गार्डला गेला.

कायदा_वाचक

पीआय साहेब, हे तुम्ही केलंत म्हणून झालं. तुमची बदली झाली असती तर? एका चांगल्या साहेबाच्या भरवशावर आजारी माणसाने किती दिवस काढायचे? शस्त्र तात्पुरतं काढण्याची, ते परत देण्याची आणि या काळाची नोंद शिक्षा म्हणून होणार नाही याची लेखी पद्धत हवी. परत देण्याची तर नक्कीच. शस्त्र घेताना सगळे तत्पर असतात, परत द्यायची सही करायला कोणी पुढे येत नाही.

निवृत्त_पीआय

मान्य. शेवटचं वाक्य तर शंभर टक्के मान्य. "हा आता ठीक आहे" अशी सही केली आणि उद्या काही झालं तर सही करणाराच अडकतो. त्या अधिकाऱ्यालाही कायद्याचं संरक्षण द्या, तो सही करेल.

मँचेस्टरचा_वऱ्हाडी

मूळचा सक्करदऱ्याचा, इकडे आरोग्य सेवेत आहे. इथल्या पोलिसांचं सांगतो.

इकडे ट्रिम म्हणून पद्धत आहे, ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये तयार झालेली. पोलिसांपैकीच काही जणांना प्रशिक्षण देतात. ते डॉक्टर नसतात, उपचार करत नाहीत. एखादा वाईट प्रसंग झाला की काही दिवसांनी तो सहकारी येऊन त्या माणसाशी ठरलेल्या पद्धतीने बोलतो, महिन्याभराने परत बोलतो. सुधारणा नसेल तर पुढे पाठवतो. इंग्लंड-वेल्ससाठी 'ऑस्कर किलो' नावाने राष्ट्रीय पोलीस कल्याण सेवाही २०१९ पासून आहे. सगळं आलबेल आहे असं नाही. पण "तुला काय झालं?" हे विचारणारा माणूस स्वतः रस्त्यावरचा असतो, याला फार वजन आहे.

आणि एक. धक्क्यानंतर सगळ्यांना एकदाच खोलीत बसवून मन मोकळं करायला लावणं, याने पुढचा आजार टळत नाही असं अभ्यासांत दिसलंय. इथल्या मार्गदर्शक सूचनाही तसं करू नका असंच सांगतात.

खाकीतली

@मँचेस्टरचा_वऱ्हाडी, हे आमच्याकडे सांगायला हवं. आमची तणावमुक्तीची शिबिरं अशीच होतात. रात्रपाळी करून आलेल्यांना सकाळी हॉलमध्ये बसवतात, व्याख्याते मनापासून बोलतात, पहिल्या रांगेत अधिकारी बसलेले. त्यांच्यासमोर हात वर करून "मला झोप येत नाही" कोण म्हणेल? तिथेच खुर्चीत झोपलेले मात्र बरेच असतात.

जुना_हवालदार

हा धागा मले सुनेने वाचून दाखवला. टाईपही तीच करून राहिली.

मी २३ नोव्हेंबर १९९४ ला बंदोबस्तात होतो. नागपूरच्या माणसाले तारीख सांगायची गरज नाही. अधिवेशन चालू होतं, गोवारी बांधवांचा मोर्चा होता, चेंगराचेंगरी झाली अन् ११४ माणसं गेली. बायका, लेकरं. कोणाचं काय चुकलं तो विषय इथं मी काढत नाही, त्यावर बोलायचा पहिला हक्क त्या घरच्यांचा. मी फक्त माझं सांगतो. चपला पडल्या होत्या रस्ताभर. लहान लहान चपला. त्या आम्ही उचलल्या.

त्यानंतर मी मॉरिस टी पॉइंटाकडून गेलो नाही. ड्युटी लागली तर अदलाबदल करून घ्यायचो, नाही झाली तर मान खाली घालून जायचो. घरी कोणाले सांगितलं नाही. खात्यात कोणी विचारलं नाही, अन् तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली, पॉइंट वाटून देले, गेलो.

रिटायर झाल्यावर नातीच्या चपला दारात पाहिल्या अन् मले घाम फुटला. सुनेने हट्ट धरला, मेडिकलले घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीण बाई वयानं माझ्या पोरीएवढ्या होत्या. त्या म्हणाल्या, काका, सगळं सांगा, मला वेळ आहे. मी सांगत होतो, त्या ऐकत होत्या. गोळ्या चालू झाल्या, बोलायले जात राहिलो. आता झोप येते.

टाकळी लाईनवाल्या बाई, तुमच्या मालकाले माझा नंबर द्या, संपादकांकडे ठेवतो. डॉक्टरचं बोलणं नको असन तर माझ्याशी बोलू द्या. मी कोणत्याच साहेबाले ओळखत नाही आता, काही भीती नाही.

वैनगंगा

काका… धन्यवाद. सूनबाईंनाही.

फुटाळा_संध्याकाळ

काका, तुमचं वाचल्यावर मी वर विचारलेला प्रश्न मागे घेत नाही, पण त्याचं उत्तर मला मिळालं. माझ्या काकांना सांगेन.

ऑरेंज_सिटी_माहेर

भरोसा सेलमध्ये (पोलिसांच्या महिला मदत केंद्रात) समुपदेशक असतात ना? तिथे पोलिसांच्या बायका जाऊ शकत नाहीत का?

टाकळी_लाईन

@ऑरेंज_सिटी_माहेर, जाता येतं. पण समोर बसलेलं कोणी ना कोणी मिस्टरांना ओळखणारं निघतं. बाहेरच्या बाईसाठी जो आधार आहे तोच आमच्यासाठी ऑफिस होऊन जातो.

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते. १४४१६ ला आधी मीच फोन केला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, घाई केली नाही. मग मी एकटी सेवाग्रामला जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं, मिस्टरांशी कसं बोलायचं ते सांगितलं. मनाचा_डॉक्टर यांनी लिहिलेला तो कठीण प्रश्नही मी विचारला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग "तसं नाही, पण थकलोय" म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतःबद्दल काही बोलले.

काकांशी त्यांचं फोनवर बोलणं झालं. काय बोलले मला माहीत नाही, मी आत होते. त्यानंतर स्वतःच म्हणाले, पुढच्या सुट्टीला जाऊ. गेलो. गोळ्या सुरू झाल्या आहेत, पिणं डॉक्टरांनी सांगितलं तसं कमी करत आणलंय. ऑफिसला काही कळवलेलं नाही. कायदा_वाचक यांचा निकाल प्रिंट काढून कपाटात ठेवलाय, त्यांनी दोनदा वाचला.

आता अडचण वेगळी. रात्रीच्या गोळीने सकाळी जड वाटतं. पुढच्या महिन्यात अधिवेशनाचा बंदोबस्त, रजा बंद, रात्रपाळ्या लागणार. ते म्हणतात, तेवढे दिवस गोळ्या थांबवतो, नंतर परत सुरू करतो. चालेल का?

मनाचा_डॉक्टर

नाही ताई, मनाने थांबवू नका. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा थोडं जास्तही लागतं. मध्येच सोडल्या तर आतापर्यंतची मेहनत वाया जाते आणि एकदम बंद केल्याने चक्कर, चिडचिड असा त्रासही होऊ शकतो. जड वाटतं ते बहुतेक झोपेसाठी दिलेल्या गोळीने. ती कोणत्या वेळी घ्यायची, कमी करायची का, बदलायची का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. बंदोबस्ताचं वेळापत्रक हातात आलं की त्याचा फोटो त्यांना दाखवा. रात्रपाळी असेल तर झोपेची गोळी ड्युटीच्या आधी घ्यायची नाही, घरी येऊन झोपताना घ्यायची, आणि ती घेतल्यावर गाडी चालवायची नाही. दिवसा झोपताना खोलीत काळोख करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पुढची भेट अधिवेशनाच्या आधी उरकून घ्या, म्हणजे औषधं मध्येच संपणार नाहीत.

निवृत्त_पीआय

बंदोबस्ताच्या याद्या काही दिवस आधी बनतात. मिस्टरांना सांगा, यादी बनवणाऱ्या कारकुनाला आत्ताच भेटून दिवसपाळीचा पॉइंट मागून घ्या, कारण मुलाची शाळा सांगा. एकदा यादी निघाली की साहेबांनाही बदलणं जड जातं.

जुना_हवालदार

पॉइंट कोणता मिळाला ते मले कळवा. मी डबा घेऊन येतो.